विजारीत कोणता पाय

हाम्रासेल, ७ जानेवारी २०१४

मी, केटिल स्टेनोल्फसोन, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार हाम्रासेल, धंदा मेंढ्या पाळणे, शिक्षण फिरत्या मास्तरांकडे चार हिवाळे, पंचक्रोशीच्या पंचायतीचा एकतीस वर्षे सभासद व त्यांपैकी नऊ वर्षे अध्यक्ष, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही भरीस न पडता, माझी कन्या सोलरून, हल्ली मुक्काम रेक्याविक, हिला पुढीलप्रमाणे लिहून कळवतो.

आपले बोलणे तीन वर्षांपूर्वीच्या, भर हिवाळ्यातील थोर्री महिन्याच्या मेजवानीपासून बंद आहे. ते बंदच आहे. हे पत्र म्हणजे बोलणे नव्हे. ही तक्रार आहे.

तू ज्या कचेरीत हिवाळ्यातील स्वस्त सहली विकतेस, त्या कचेरीचे पत्र मला काल पोचले. स्कॉटलंडमधील तीन सेवानिवृत्त परिचारिका बावीस तारखेस माझ्या घरी उतरणार असून थोर्री महिन्याचा पहिला आठवडा येथे काढणार आहेत, असे त्यात परस्पर ठरवलेले आढळले. माझी संमती कोणी घेतली नाही. तू घर सोडण्यापूर्वी स्वयंपाकघरातील टेबलाशी काय म्हणालीस ते मला शब्दशः आठवते. "बाबा, हिवाळ्यात विमानं रिकामी उडतात, आपल्या तीन खोल्याही रिकाम्या. निम्म्या दरात दिल्या तर लोक धावत येतील." त्यावर मी म्हणालो होतो की काळोख पाहायला कोणी धावत येत नाही, काळोख सगळीकडे सारखाच असतो. माझे मत आजही तेच आहे. तथापि आलेल्या माणसास दारातून परत लावण्याची या घरची रीत नाही, एवढ्याच कारणास्तव मी होकार कळवला आहे.

दुसरी बाब. यंदाच्या मेजवानीच्या समितीवर माझी नेमणूक झाली आहे. मावळत्या समितीने नाव पुकारले की नाही म्हणता येत नाही, हे तू जाणतेसच. म्हणजे मुरवलेला शार्क मासा, आंबवलेले मांस, भाकऱ्या व शहाजिऱ्याची दारू यांची व्यवस्था तर आलीच, शिवाय रंगमंचावर पंचक्रोशीतील प्रत्येक घराची वर्षभरातील फजिती वठवून दाखवणे, हेही आता माझ्याकडे आले आहे. शेजारचा ओग्मुंदुर ही बातमी ऐकून मुद्दाम जीप काढून आला आणि दारातच म्हणाला, "काय रे केटिल, आता तू आम्हाला हसवणार? मग मी घरूनच हसून येतो बाबा, तिथे जमायचं नाही."

प्रत्येक घराची, असे वर लिहिले आहे, त्यात दुरुस्ती करतो. गेल्या दोन मेजवान्यांत हाम्रासेलचे नाव घेतले गेलेले नाही. मी सभागृहातून उठून गेलो होतो, त्याचा हा योग्य परिणाम आहे व मी त्याबद्दल समाधानी आहे.

केटिल स्टेनोल्फसोन


हाम्रासेल, १८ जानेवारी

सोलरून हिला,

पहिल्या पत्राचे उत्तर आले नाही. तक्रारीस उत्तर दिलेच पाहिजे असे नाही, म्हणून त्याविषयी काही म्हणत नाही.

खोल्यांच्या स्थितीची माहिती तुझ्या कचेरीस असावी म्हणून नोंदवतो. दक्षिणेकडील खोलीच्या भिंतींना रंग दिला आहे. रंगाचा डबा उघडलेला होता व वाळून गेला असता. खिडकीला तुझ्या आईचे पिवळे पडदे लावले आहेत, कारण ते पेटीत पडून खराब झाले असते. पलंग नवीन घेतला. त्यास कारण नाही.

समितीची बैठक गुरुवारी हालवेगच्या घरी झाली. हालवेग म्हणजे शाळेची मुख्याध्यापिका. यंदाची अध्यक्ष तीच आहे. खाडीच्या मुखापासून रस्त्याने एकेक घर घ्यायचे व त्या घराची फजिती ठरवायची, अशी तिची पद्धत आहे. पाद्रीबुवा गाडीच्या टपावर कॉफीची किटली ठेवून बाप्तिस्म्याला निघाले व किटली चर्चच्या दारापर्यंत टिकली, हे घेतले. ओग्मुंदुरने दुसऱ्याचा मेंढा आपला समजून कातरला, दोन दिवस खाऊ घातले व तिसऱ्या दिवशी धन्याच्याच हाती सोपवून "असा मेंढा तुझ्याकडे आहे का?" असे विचारले, हेही घेतले. ओग्मुंदुर स्वतः तेथे बसलेला होता. रागावणे तर सोडाच, तो म्हणाला, "दोन दिवस नाही, चार दिवस लिहा. इतक्या वर्षांनी जरा मोठं काम झालंय हातून."

नंतर हाम्रासेलचा क्रम आला. हालवेगने पान उलटले.

मी म्हणालो, "एक घर राहिले."

मग ओग्मुंदुर म्हणाला, "नको रे बाबा. तू परत उठून जाशील, आणि ह्या वेळेला समितीचाच माणूस गेला तर भांडी कोण धुणार?"

सगळे हसले. मी कॉफी प्यालो. ती थंड झाली होती.

घरी येताना मनात विचार आला की ज्याची थट्टा होत नाही तो माणूस पंचक्रोशीच्या यादीत असतो तरी का. हा केवळ विचार म्हणून नोंदवतो.

केटिल स्टेनोल्फसोन


हाम्रासेल, २४ जानेवारी, थोर्रीचा पहिला दिवस

सोलरून,

आज जे घडले त्याची हकीकत क्रमाने देतो.

प्रथम एक कबुली. तीन वर्षांपूर्वी तू रंगमंचावर माझी टोपी घालून, विजारीचा एक पाय चढवून व दुसरा मागे फरफटवत लंगडी घालत फिरलीस आणि "थोर्री महाराज, या, घर आपलंच आहे!" असे ओरडलीस, तेव्हा मी खुर्चीवरून उठून भर सभेत सांगितले की असा प्रकार हाम्रासेलमध्ये कधीही होत नाही. ते विधान असत्य होते. माझे वडील हे करीत, त्यांचे वडील करीत. मीही सदतीस वर्षांचा असल्यापासून थोर्रीच्या पहिल्या पहाटे, त्या हिवाळ्याच्या राजाचे स्वागत करण्यासाठी, कोणी जागे होण्यापूर्वी, अंगात फक्त सदरा, पाय अनवाणी, विजार एकाच पायात, अशी घराला एक प्रदक्षिणा घालत आलो आहे. तू लहानपणी जिन्याच्या खिडकीतून पाहतेस हे मला ठाऊक होते. तू ते कोणाला सांगणार नाहीस असा माझा समज होता.

आज पहाटे सहा वाजता मी प्रदक्षिणेस निघालो. बर्फ घोट्यापर्यंत होता. दक्षिणेच्या कोपऱ्यावर पोचलो तोच पिवळे पडदे बाजूला झाले आणि खिडकीत तीन डोकी दिसली. त्या तीन बायका टाळ्या वाजवत होत्या. मी थांबलो नाही. प्रदक्षिणा अर्धी टाकता येत नाही. उत्तरेच्या बाजूने पूर्ण केली, थोर्रीचे स्वागत केले, आत आलो आणि विजार नीट घालून त्यांना इंग्रजीत सुनावले. माझे इंग्रजी तरुणपणी हेरिंग माशाच्या धक्क्यावर इंग्रज खलाशांकडून शिकलेले आहे. त्यांच्यातील थोरली, तिचे नाव मोरग, शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली की हे शब्द तिने चाळीस वर्षांच्या नोकरीत दोनदाच ऐकले आहेत व दोन्ही वेळा रोगी भुलीतून बाहेर येत होता. हे तिचे म्हणणे मला नंतर हालवेगने सांगितले. त्या वेळी मला एवढेच समजले की तिने मला खुर्चीत बसवले आणि माझ्या पायाची बोटे कोमट पाण्यात धरली.

मी ओग्मुंदुरला फोन केला. त्याने जीप आणावी व या तिघींना धावपट्टीवर सोडावे, असे सांगितले. तो आला, सोबत दुभाषी म्हणून हालवेगला घेऊन आला. मी म्हणालो, "यांनी चोरून पाहिले. यांना विचार, कोणी सांगितले यांना?"

मोरगने पिशवीतून तुझ्या कचेरीचे पत्रक काढले. त्यात हाम्रासेलबद्दल चार ओळी आहेत. हालवेगने त्या वाचून दाखवल्या व मी त्या लिहून घेतल्या, म्हणून येथे देऊ शकतो. "खोल्या साध्या, जेवण भरपूर, यजमान कमी बोलतात. थोर्रीच्या पहिल्या दिवशी पहाटे सहाला दक्षिणेच्या खिडकीशी उभे राहा. काही विचारू नका. माझ्या माहितीत हे अजूनही नीट करणारा माणूस देशात एकच उरला आहे, आणि तो माझा बाप आहे."

मी हालवेगला शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. तिने वाचली.

तेव्हा ओग्मुंदुर म्हणाला, "म्हाताऱ्या, त्या रात्री पुढे काय झालं ते तुला कधी कोणी सांगितलंच नाही ना?"

मी म्हणालो, "मी त्या विषयास मनाई केली होती."

"केली होतीस ना, म्हणून तर तीन वर्षं तोंडं शिवून बसलोय सगळे! तू दार आपटून गेलास आणि ती पोरगी तशीच उभी, एका पायावर. म्हणाली, हे माझे बाबा दर वर्षी करतात, आपल्या सगळ्यांच्या वतीने, आणि कुणाला कळूही देत नाहीत. आता आपण एकदा त्यांच्या वतीने करू या. मग काय सांगू तुला! ऐंशी माणसांनी एकेक बूट काढला. पाद्रीबुवा पुढे, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे माझी सासू. टेबलांभोवती सगळी लंगडी! तुझ्या रिकाम्या खुर्चीभोवती तर दोनदा फिरलो."

"तुझी सासू नव्वदीची आहे," मी म्हणालो.

"तीच पहिली आली!"

मी बायकांना धावपट्टीवर पाठवले नाही. ओग्मुंदुरला कॉफी दिली.

तुझ्या त्या खेळात एक दोष मात्र होता व तो मी उठून जाण्याआधीच माझ्या ध्यानात आला होता. तू विजारीत चुकीचा पाय घातला होतास. ऐंशी माणसे चुकीच्या पायावर फिरली. ही चूक पंचक्रोशीत तीन वर्षे तशीच राहिली आहे आणि ती दुरुस्त होणे आवश्यक आहे.

तुझा पिता


हाम्रासेल, ३१ जानेवारी

सोलरून,

तुझे कार्ड काल पोचले. तीन वर्षांनंतर एकंदर चार शब्द. "बाबा, मग पाय कोणता?"

हा प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर लेखी देता येत नाही. माझ्या वडिलांनी मला ते लिहून दिले नव्हते, अंगणात उभे करून दाखवले होते. शनिवार दिनांक आठ फेब्रुवारी रोजी सायंकाळी सात वाजता सभागृहात मेजवानी आहे. तू स्वतः येऊन पाहावेस. हिवाळ्यात विमानाचे तिकीट निम्म्या दरात मिळते व जागा हवी तेव्हा मिळते, असे तुझ्याच पत्रकात छापलेले आहे. तेव्हा खर्चाची किंवा गर्दीची सबब चालणार नाही.

समितीच्या वहीत मी एक पान वाढवले आहे. ते मी माझ्या अक्षरात लिहिले असून त्यावर हाम्रासेल असा मथळा आहे. त्यात पडदे, रंगाचा डबा, नवीन पलंग, खलाशांचे इंग्रजी व थोर्रीची प्रदक्षिणा, हे सर्व घेतले आहे. काळोख पाहायला कोणी येत नाही हे माझे विधानही घेतले आहे. हालवेगने ते वाचले आणि चष्मा पुसला. मग म्हणाली, "हे करणार कोण?" मी म्हणालो की ज्याने चूक केली त्यानेच दुरुस्त करावे, असा पंचायतीचा नियम आहे, आणि त्या व्यक्तीस मी कळवतो.

परिचारिका आज जायच्या होत्या. मेजवानीची हकीकत कळल्यावर मोरगने तिकिटे पुढे ढकलली. विमाने रिकामीच आहेत. तिघी रोज समुद्रात डुंबणाऱ्या सीलांना पाहून येतात आणि आल्यावर एकमेकींशी भांडत माझ्या लोकरी मोज्यांची भोके शिवतात. काल त्यांनी आंबवलेले मेंढ्याचे वृषण चाखले. इना नावाची धाकटी डोळे मिटून म्हणाली, "शस्त्रक्रियेच्या खोलीत इतकी वर्षं काढली, पण हे खायचं असतं असं कुणी सांगितलं नव्हतं." तरी तिने दुसरे मागून घेतले.

घर फार गोंगाटाचे झाले आहे. ही तक्रार नव्हे.

तू येशील किंवा न येशील. तुझी खुर्ची दुसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी, राखून ठेवली आहे. तिच्यावर माझी टोपी असेल.

तुझा पिता


हाम्रासेल, १० फेब्रुवारी

सोलरून,

आठ तारखेस तू स्वतः हजर होतीस, तरी तू येण्यापूर्वीचा भाग तुला ठाऊक नाही. शिवाय काल धावपट्टीवर वारा इतका होता की मला जे सांगायचे होते ते सांगता आले नाही. मी वाऱ्याला दोष देतो आणि लेखी नोंद ठेवतो.

शुक्रवारी रात्रीपासून वादळ होते. शनिवारी दुपारी रेडिओवर सांगितले की आपल्या धावपट्टीकडे येणारी सर्व उड्डाणे रद्द आहेत. ते मी तीन वेळा ऐकले. नंतर मी ओग्मुंदुरला म्हणालो की हाम्रासेलचे पान मी स्वतः करीन. मोरगने माझा गुडघा दाबून पाहिला आणि हालवेगमार्फत कळवले की या गुडघ्यावर एकही उडी मारल्यास ती मला स्वतःच्या हाताने प्लास्टरमध्ये बसवील. मी म्हणालो की पाहू.

सभागृहात लोक मावत नव्हते. तुझ्या खुर्चीवर माझी टोपी होती. पाद्रीबुवांची किटली झाली, ओग्मुंदुरचा मेंढा झाला. मेंढ्याच्या वेळी ओग्मुंदुर इतका खूश झाला की त्याने उभे राहून चारही दिशांना नमस्कार केला. मग हालवेगने वाचले, "हाम्रासेल." लोकांनी खाणे थांबवले. नव्वदीच्या म्हातारीनेही चमचा खाली ठेवला.

मी उठलो.

मी रंगमंचाकडे जाण्यासाठी उठलो होतो. परंतु लोकांचा समज वेगळा झाला. कोणीतरी "अरे, निघाला!" म्हणाले आणि ओग्मुंदुर खुर्च्या ढकलत धावला, दाराला पाठ लावून उभा राहिला, दोन्ही हात पसरून. "नाही केटिल! या वेळेला नाही! माझ्या अंगावरून जावं लागेल!"

मी म्हणालो, "मूर्खा, रंगमंच तिकडे आहे."

त्याच वेळी बाहेरून दारावर धक्के बसू लागले. ओग्मुंदुर म्हणाला, "वारा आहे." वारा पुन्हा थडथडला. वारा म्हणाला, "कुणी अडवलंय हे दार? मी पाच तास बर्फ काढायच्या गाडीत बसून आलेय, उघडा!"

ओग्मुंदुर मला आत ठेवण्यासाठी तुला बाहेर ठेवत होता. तो अजूनही म्हणतो की पुढच्या मेजवानीत ही फजिती त्याच्याच नावावर पडली पाहिजे, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

तू आलीस. भुवयांवर बर्फ होता, तुझ्यामागे गाडीचा चालक तोर्फी आपला जेवणाचा डबा हातात घेऊन उभा होता. तू माझ्याकडे पाहिलेस. मी तुझ्याकडे पाहिले. मी काही भाषण तयार केले होते, ते त्या क्षणी आठवले नाही. मी टोपी उचलून तुझ्या हातात दिली आणि म्हणालो, "डावा."

तू म्हणालीस, "काय?"

"डावा पाय विजारीत. उजवा उघडा. उडी उजव्यावर. मागच्या वेळी उलटे होते."

तू म्हणालीस, "तीन वर्षं, बाबा! तीन वर्षं ह्याच्यासाठी?"

मी म्हणालो, "ह्याच्यासाठी नव्हे. पण हेही होतेच."

पुढचे तू जाणतेस. तू डाव्या पायावर विजार चढवलीस, मोजे काढलेस आणि टेबलांभोवती निघालीस. यंदा ऐंशी नव्हे, शंभरावर माणसे होती. तिन्ही परिचारिका त्यांत होत्या. इनाचा बूट स्किर दह्याच्या वाडग्यात पडला, तो कोणी काढला नाही. थोर्री महाराजांना यापूर्वी इतक्या मोठ्याने कोणी बोलावले नसावे. मी गुडघ्यामुळे बसून होतो. प्रत्येक फेरीला तू माझ्या खुर्चीपाशी आलीस की मी पाय तपासला. तो बरोबर होता. सर्व फेऱ्यांत बरोबर होता.

वाऱ्यामुळे जे सांगता आले नाही ते हे. पुढील वर्षी थोर्रीच्या पहिल्या दिवसासाठी तिकीट वेळेत काढावेस. पहाटेची प्रदक्षिणा मला यापुढे पूर्ण करता येईल असे वाटत नाही. ती अर्धी टाकता येत नाही, त्यामुळे दुसरा कोणी लागेल. त्या दुसऱ्याला पाय ठाऊक असणे आवश्यक आहे. आता तो देशात दोघांना ठाऊक आहे. दक्षिणेच्या खोलीत मोरगने पुढच्या जानेवारीची जागा आजच राखून ठेवली, तेव्हा तुझ्यासाठी जिन्याजवळची खोली मोकळी करून देतो. तिलाही रंग लागेल. डबा नवीन आणावा लागणार आहे. यास कारण आहे.

आणखी एक बाब. ओग्मुंदुर पंचक्रोशीभर सांगत आहे की मेजवानीत मी हसलो. मी प्रथम ते नाकारले आणि शार्कचा तुकडा घशात अडकल्याचे सांगितले. आज विचारांती ते विधान मागे घेतो. मी हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि तीन वर्षांपूर्वी उठून गेलो ती चूक होती.

हे मी शुद्धीवर व स्वतःच्या मर्जीने लिहिले आहे. हजर साक्षीदार: हालवेग, शाळेची मुख्याध्यापिका, ओग्मुंदुर, शेजारी, ज्याने दार अडवले, त्याची सासू, वय नव्वद, तोर्फी, बर्फ काढण्याच्या गाडीचा चालक, मोरग, एलस्पेथ व इना, परिचारिका, स्कॉटलंड, पाद्रीबुवा, एका बुटावर, आणि सोलरून केटिल्सदोत्तिर, माझी मुलगी. तुझा खेळ संपेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही, हे या सर्वांनी पाहिले आहे.

तुझा बाबा,
केटिल